बर्वे काकूंचे ससे

बर्वे काकू सशांसाठी माणसांशी भांडतात, आणि भांडायला माणूस म्हणून त्यांच्या हाताशी मी आहे. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत आमची बॅकयार्ड्स लागून आहेत. माझ्या वाफ्यातली मेथी ससे फस्त करतात आणि काकूंच्या हिरवळीवर जाऊन आराम करतात. परवा मी काठी घेऊन धावलो, तर गाऊनवर ओढणी घेतलेल्या काकू मध्ये उभ्या! ससा थेट गाऊनच्या घेरात.

"काकू, बाजूला व्हा!"

"नाही होणार. शरण आलेल्याला हाकलायचं नसतं. मेलंगेलने हाकललं होतं का?"

मेलंगेल ही वेल्समधली जुन्या काळची ख्रिस्ती साध्वी. काका असताना दोघं तिकडे फिरायला गेले होते, तेव्हापासून काकूंनी तिला माहेरच्या माणसासारखं धरून ठेवलंय. गोष्ट मला आता पाठ आहे. रानात ती प्रार्थना करत होती. राजाच्या शिकारी कुत्र्यांनी पिटाळलेला ससा तिच्या झग्याखाली शिरला आणि कुत्री ओरडत मागे फिरली. राजा वरमला आणि ती दरीच त्याने तिला देऊन टाकली, येईल त्याच्या आसऱ्यासाठी. तिच्या नावाचं चर्च अजून तिथे आहे म्हणे. असेल! पण बाईंनी कधी मेथी लावली होती का, ते कोणी सांगत नाही.

खरं सांगतो, माझा संताप नुसता मेथीचा नव्हता. मे महिन्यात माझी नोकरी गेली. व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही, तर गाशा गुंडाळून भारतात परतायचं. सहा वर्षं राबलो त्याचं हे फळ! अठ्ठेचाळीस दिवस संपले होते, भाड्याच्या घराची लीजही संपत आली होती, आणि मी कोणाला काही बोललो नव्हतो. माझं म्हणावं असं एवढंच हिरवं उरलं होतं, तेही ससे खात होते.

मी पिंजरा आणून लावला. काकूंनी तो उचलून स्वतःच्या गराजमध्ये टाकला. मी तावातावाने त्यांच्या दारात गेलो.

"काकू, धिस इज टू मच! माझा पिंजरा आहे तो!"

"आधी खाली चल," म्हणत त्यांनी बेसमेंटचा दिवा लावला. पलंगावर धुतलेली चादर. टेबलावर काकांचा जुना मॉनिटर, पुसून लावलेला.

"तुझी गाडी दिवसभर ड्राइव्हवेत दिसते, आणि दारात घर भाड्याने द्यायची पाटीही लागलीय. शुक्रवारी सामान इकडे आण. मलाही एकटीचा चहा करून कंटाळा आलाय."

"पण काकू, किती दिवस लागतील..."

"मी विचारलं का? कुत्री मागे फिरेपर्यंत राहा."

डोळे पुसत बाहेर आलो, तर ससा माझ्या वाफ्यात बसून निवांत मेथी खात होता.

खा लेका, म्हटलं. शुक्रवारी मीही येतोय.