करंदीकर सरांची काळी रेघ

करंदीकर सर समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत, नाकाकडे बघतात. नवखा माणूस घाईघाईने रुमाल काढतो. सरांचा तरी काय दोष? मेंढीच्या नाकात वाढणाऱ्या बुरशीवर त्यांची उभी हयात गेली आहे.

ठाण्याच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली आहे. आमचं घराणं मेंढपाळांचं. त्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, हे मी कुणी न विचारताही सांगतो. माझी आत्या मात्र म्हणते, "एवढा शिकलास, आन् फिरून मेंढरापाशीच आलास व्हय!"

सरांचं पालुपद एकच: "लक्षण दिसलं म्हणजे उशीर झाला." डोंबिवलीत त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीच्या दुरुस्तीसाठी ते तासभर भांडले. सेक्रेटरी वैतागला, "अहो, गळतंय कुठे?"

"तेच सांगतोय ना मी!"

कामही तेच. नाक सुजेपर्यंत मेंढी हातची गेलेली असते. पण त्याच्या कितीतरी आधी तिचं रक्त बुरशीतली काही प्रथिनं ओळखायला लागतं. ती नेमकी कोणती, हे सापडलं की थेंबभर रक्तावर आजार कळेल. सरांनी एक प्रथिन हेरलं. ते लावलेल्या कागदी पट्टीवर आजारी मेंढीचं रक्त घातलं की काळी रेघ उमटायची. निरोगी मेंढीचं घातलं तर पट्टी कोरी राहायला हवी.

निरोगी रक्त आम्ही आत्याच्या कळपाचं घेतलं. भातकापणी झाली की टिटवाळ्याकडचे शेतकरी तिचा कळप खतासाठी शेतात बसवून घेतात. सगळ्या पट्ट्या कोऱ्या निघाल्या, एक सोडून. त्या मेंढीला ना सूज, ना शिंक. सरांचा चेहरा पडला. स्वतः टिटवाळ्याला जाऊन ते आत्याला म्हणाले, "बाई, मेंढी ठणठणीत आहे. चूक आमच्या टेस्टची." औषध काही दिलं नाही.

दीड महिन्याने त्याच मेंढीचं नाक सुजलं. कळताच सर तिकडे धावले. इकडे आम्ही हरखलो. म्हणजे टेस्ट खरी होती! मी पेढे आणले आणि आत्याला फोन लावला. "सरांना दे गं जरा."

"न्हाय घेत त्यो फोन," आत्या म्हणाली. "मघापासनं उन्हात उभा हाय, मेंढीवर छत्री धरून. तिला म्हणतोय, माझं चुकलं. मेंढराची माफी कुणी मागतं व्हय रं?"