आधी थुंका, मग खा

भानुमतीबाईंनी गरमागरम पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे, पाहुण्यांसमोर ठेवले आणि डॉक्टर सोमयाजुलूंनी ते लगेच उचलून मागे नेले.

"आधी थुंका," ते म्हणाले. "खाणं नंतर. तोंडात अन्न गेलं की नमुना बिघडतो."

तारनाक्यातल्या त्या दिवाणखान्यात थुंकीच्या नमुन्यासाठी नळ्या वाटल्या गेल्या. नवरामुलगा अन्वेश हातात आलेल्या नळीकडे बघत राहिला. त्याची आई राज्यलक्ष्मी म्हणाली, "आम्ही मुलगी बघायला आलो होतो, डॉक्टरगारू. थुंकायला आमच्याकडेही जागा आहे."

पण थुंकावं लागलंच.

सोमयाजुलू शिकले डॉक्टरकी, पण रोग्याच्या नाडीला हात लावून त्यांना जमाना झाला होता. रोगी कुरकुरतो, संगणक कुरकुरत नाही, म्हणून ते संशोधनात शिरले आणि माणसांच्या प्रतिकारशक्तीची जनुकं पडद्यावर मांडून बसले. नवरा-बायकोची ही जनुकं जितकी वेगळी, तितकी मुलं धडधाकट, यावर त्यांची श्रद्धा. त्यासाठी त्यांनी एक प्रोग्रॅमच लिहिला होता. पन्नासच्या वर गुण मिळाले तर 'विवाह करावा', खाली आले तर 'टाळावा'. पहिला मान पोटच्या पोरीला, लास्याला.

तिला आणि अन्वेशला एकतीस गुण पडले. डॉक्टरांनी तडक फोन करून नकार कळवला.

"नान्ना, मला तो आवडलाय," लास्या रडवेली होऊन वडिलांना म्हणाली.

"आवडलाय हे तुझं मत झालं. एकतीस हे सत्य आहे."

दुसऱ्या दिवशी राज्यलक्ष्मी दारात हजर. "माझ्या पोरात खोट आहे, असं साऱ्या नातलगांत झालंय! तुम्हा नवरा-बायकोचे गुण किती, ते दाखवा आधी."

डॉक्टर काही बोलायच्या आत भानुमतीबाईंनी नळी उचलली आणि मनापासून थुंकल्या.

आठवड्याने निकाल आला, तो बघायला राज्यलक्ष्मी पुन्हा येऊन बसलीच होती. भानुमतीबाई डॉक्टरांच्या सख्ख्या मामाची मुलगी. त्यांच्या तेलुगू समाजात अशी लग्नं कौतुकाने होतात, पण संगणकाला ते कुणी सांगितलं नव्हतं. गुण पडले नऊ. खाली लाल अक्षरांत: 'विवाह टाळावा.'

"अगंबाई," भानुमतीबाई म्हणाल्या, "आणि मी इतकी वर्षं समजत होते, माझ्या चारूच्या सारातच काहीतरी कमी पडतंय!"

"प्रोग्रॅममध्ये बारीकशी चूक दिसतेय," डॉक्टर घाम पुसत म्हणाले.

"पोरीच्या वेळी नव्हती ती, बावा?" भानुमतीबाईंनी आतेभावाला लहानपणापासून मारायची तीच हाक मारत विचारलं.

डॉक्टरांनी खोलीचं दार लावून घेतलं. पन्नास खोडलं, आठ लिहिलं. मग खात्री करायला आपल्या संशोधन संस्थेतल्या सगळ्यांची जनुकं त्यात घातली. कुणाचंही कुणाशीही जमत होतं. संचालकांचं त्यांच्या वैऱ्याशीसुद्धा.

महिन्याभरात लास्याचं लग्न लागलं. डॉक्टरांनी त्या आठाला 'उदार निकष' असं भारदस्त नाव देऊन निबंध लिहिला. बंगळुरूच्या परिषदेत टाळ्यांचा कडकडाट झाला. मग मागच्या रांगेतली एक तरुण संशोधक उठली.

"सर, हा आठचा आकडा किती जोडप्यांवरून ठरवला?"

डॉक्टरांनी घसा साफ केला. समोर पहिल्याच रांगेत भानुमतीबाई बसल्या होत्या.

"जोडपं एकच," ते म्हणाले. "पण फार दीर्घकाळ निरीक्षणाखाली आहे."

"आणि निष्कर्ष काय निघाला?"

डॉक्टर पुढची स्लाइड शोधत होते, तोवर भानुमतीबाईच मागे वळल्या.

"अजून निघायचाय," त्या म्हणाल्या. "प्रयोग रोज बिघडतो."