तात्यांचं मेणाचं आवर्तन

आमचे शेजारी तात्या पोरांना मेणबत्त्या करायला शिकवायचे, पण शेताला पाणी सोडावं तशा पाळ्या लावून. १९९४ साली मी कळंबच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच रविवारी मी हा प्रकार पाहिला. चुलीवरच्या पातेल्यात गरम पाणी, पाण्यात उंच डबा आणि डब्यात वितळलेलं मोहोळाचं मेण. पोरं सुताची वात बुडवायची, उचलायची, अंगणातल्या लिंबाच्या झाडाला एक फेरी मारायची आणि पुन्हा रांगेत. मला वाटलं, काही पूजा असावी. मी चपला काढून हात जोडले.

"गुरुजी, चपला घाला," तात्या म्हणाले. "मेण निवाय नको व्हय? म्हणून फिरवतोय."

तात्या कालव्यावर पाळीनं पाणी सोडणारे पाटकरी होते. नोकरी सुटली, पाळ्या सुटल्या नाहीत. एका पोरीला रांगेत शिंक आली, तर "पाळी गेली, आता म्होरल्या आवर्तनाला" म्हणून तिला शेवटी धाडलं. तीस-चाळीस वेळा बुडवल्यावर बोटाएवढी मेणबत्ती व्हायची. जरा वाकडी निघाली की तात्या ती परत डब्यात टाकायचे.

बारामतीत पाकिटं मिळत असताना हा माणूस मेणासाठी सायकलवरून अंथुर्ण्यापर्यंत का जातो, ते मला काही केल्या उमगेना. वैशाख पौर्णिमा जवळ आली तसं मीच एक पाकीट आणून दिलं. तात्यांनी त्यातली एकेक मेणबत्ती हुंगली.

"हिला वास कुठाय?"

मीही हुंगून पाहिली. मेणबत्तीला वास कशाला हवा, हे विचारायचं धाडस होईना. मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्या बायकोची, माईंची, दोन वर्षांपूर्वी नजर गेली होती. तेव्हापासून त्या बुद्धवंदनेला बसत नव्हत्या. मेणबत्ती पेटली की विझली ते कळत नाही, दर वेळी कुणी सांगायचं, म्हणायच्या. वर ताकीद दिलेली, माझ्यापायी काही केलंत तर उठून जाईन. तात्यांना पौर्णिमेला त्या शेजारी बसायला हव्या होत्या, एवढंच.

पौर्णिमेच्या संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे पोरांच्या मेणबत्त्या लागल्या. मधासारखा वास घरभर झाला. माई भिंत चाचपत बाहेर आल्या आणि तात्यांच्या शेजारी बसल्या. माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी विचारलं, "ह्या माझ्यासाठी केल्या काय?"

"न्हाय गं. दुकानातल्या संपल्या व्हत्या."

माझं पाकीट समोरच्या फळीवर होतं. माई उठल्या नाहीत.

तात्यांनी हात जोडले आणि पंचशील म्हणायला सुरुवात केली. खोटं न बोलण्याचं शील आलं, तसा त्यांचा आवाज अडला. ते शील माईंनी एकटीनंच म्हटलं, अगदी खणखणीत.