ओळखयुक्त गाव

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ३१२ हा आकडा ऑइल पेंटने रंगवलेला होता आणि त्याच्या वरचा ३११ खडूने लिहिलेला होता. खडूचा आकडा ग्रामसेवक राजकुमार रोज सकाळी दहाला पुसून पुन्हा लिहीत असे, कारण माहिती रोज अद्ययावत करावी असा आदेश होता. त्रेचाळीस दिवस तोच आकडा पुसून तोच लिहिल्यामुळे तेवढ्या जागी फळ्याचा काळा रंग गेला होता आणि खालचे सिमेंट दिसू लागले होते. दोन आकड्यांतला फरक एक होता. तो फरक म्हणजे तानाबाई.

अभियानाचे नाव 'स्व-ओळख'. परिपत्रकाच्या पहिल्या पानावर म्हटले होते की आजच्या काळात माणूस एकसंध राहिलेला नाही. 'मी' ही स्थिर वस्तू नसून सतत बदलणारी प्रक्रिया आहे आणि एका व्यक्तीत अनेक व्यक्ती नांदत असतात. दुसऱ्या पानावर म्हटले होते की सबब प्रत्येक प्रौढ नागरिकाने ३१ मेपर्यंत यादीतली एक ओळख निवडून अॅपवर नोंदवावी. शंभर टक्के नोंद झालेले गाव 'ओळखयुक्त' घोषित होणार होते आणि जूनपासून बस फक्त ओळखयुक्त गावांना मिळणार होती. ज्या गावाला ओळखच नाही त्याची पाटी बसवर काय लावायची, हा वरच्या कार्यालयाचा प्रश्न रास्त होता.

गावाने काम एका दिवसात उरकले. राजकुमार समाजमंदिरात मतदारयादी घेऊन बसला. अॅपमधला पहिला पर्याय 'सर्जनशील' होता आणि तो दाबला की पान लवकर पुढे सरकत असे. संध्याकाळपर्यंत दोनशे सत्त्याण्णव माणसे सर्जनशील झाली. सरपंच सदाशिवराव आणि त्यांच्या घरचे तेरा जण 'दूरदर्शी' झाले. तानाबाई त्या दिवशी वावरात कापसाच्या पऱ्हाट्या गोळा करायला गेली होती, म्हणून राजकुमार तिच्या घरी गेला.

"मावशी, सर्जनशील टाकू?"

"म्हणजे काय रे?"

हा प्रश्न आतापर्यंत कोणी विचारला नव्हता. राजकुमारने डोके खाजवले. "नवीन काही बनवते, तो."

"भाकर बनवतो ना मी रोज."

"भाकर गृहिणीत येते. गृहिणी मागच्या अपडेटमधी काढली. आई, आजी, बायको, विधवा, समदं काढलं. दुसऱ्याच्या आधारानं उभी असलेली ओळख चालत नाही म्हणते."

"मंग शेतकरी लिव. चाळीस वर्षं झाले, निंदून राह्यली."

"सातबारा लागते. तो अंकुरच्या नावानं हाय."

"वावरात मी, अन् शेतकरी माह्या पोरगा?"

"तोही नाही ना, मावशी. तो सर्जनशील हाय."

तानाबाईने विचार करायला वेळ मागितला. नात समीक्षाकडून तिने परिपत्रक दोनदा वाचून घेतले. पहिले पान शेवटपर्यंत ऐकणारी गावात ती एकटीच होती आणि ते तिला पटलेही. म्हशीशी ती ज्या आवाजात बोले त्या आवाजात सुनेशी कधी बोलली नव्हती. वावरात एकटी असताना ओव्या तिच्या तोंडून आपोआप निघत. घरात पाय ठेवला की त्यातली एकही ओळ आठवत नसे. या सगळ्या बायांमधून अॅपवर कोणाला पाठवायचे, ते ठरेना.

अडचण वेळेची होती. समीक्षा यंदा अकरावीत जाणार होती. कॉलेज बाभुळगावला, आणि बस धरायला फाट्यापर्यंत चार किलोमीटर पायी. अंकुरने स्पष्ट सांगितले होते, "जूनमधी बस गावात आली त पोरगी जाईन. नाही आली त घरी बसन. पावसापाण्यात पोरीले एकटं नाही धाडत मी." हे तानाबाई रोज ऐकत होती. पिठाच्या चक्कीवर हंसाबाईने तर तिला सर्वांदेखत विचारले, "काहून वं, तूच एक शहाणी? आमाले नव्हती का ओळख? आमी नाही का देऊन मोकळे झालो?"

एकतीस मे रोजी तालुक्याहून साहेब पडताळणीला आले. प्रत्येकाने उभे राहून आपली ओळख स्वतःच्या शब्दांत सांगायची होती. दोनशे सत्त्याण्णव जणांनी "मी सर्जनशील" म्हणून सांगितले. साहेबांनी शेरा मारला : 'विविधता समाधानकारक.'

"आजी, तुमची अडचण काय?"

"ठरलं नाही अजून."

"त्रेचाळीस दिवसांत?"

"चौसष्ट वर्षांत कोणी पुसलंच नव्हतं, साहेब. टाइम त लागन."

"आजी, टाक ना काहीबी," समीक्षा मागून कुजबुजली. "कोण पाह्यते?"

साहेबांनी परिपत्रक उलटेपालटे केले. कलम सात (ब) नुसार, ज्या व्यक्तीची ओळख निश्चित होत नाही तिला तिच्या संमतीने एकूण संख्येतून वगळता येत होते. मग तीनशे अकरापैकी तीनशे अकरा. शंभर टक्के.

"म्हणजे मी मेली?"

"छे, छे! मृत्यूला दाखला लागतो. तुम्ही फक्त मोजणीत नसाल. ग्रामसभेत बोलता येणार नाही, एवढंच."

"आधी तरी कधी बोलल्या त्या?" सदाशिवराव म्हणाले. समाजमंदिर हसले.

राजकुमारने संमती रेकॉर्ड करायला फोन काढला आणि अडला. "साहेब, संमती कोणाची म्हणून टाकू? ओळख टाकल्याबिगर पान पुढं जात नाही."

"आधी रेकॉर्ड करा. ते नंतर पाहू."

समीक्षाने आजीचा दंड धरला. "नको, आजी. मी जातो पायी. मी सांगतो बाबाले."

"तुह्या बाप ऐकते का?"

समीक्षाने दंड सोडला. तानाबाईने समाजमंदिरावरून नजर फिरवली. हंसाबाई होती, अंकुर होता, ज्यांच्या लग्नात तिने हळद दळली ती पोरे होती. सगळी तिच्याकडे पाहत होती, घाई असलेल्या माणसांसारखी. कोणी "नको" म्हणत नव्हते. राजकुमारने फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"कमी करा मले," तानाबाई म्हणाली. "तुमचं समद्यायचं ठरलं ना? मंग तुमी जा बसनं. मी अजून ठरवून राह्यली."