पेडणेकरांची सिक लीव्ह

"मेडिकल? ती नुसती फॉर्मॅलिटी आहे हो," असं नंदकुमार पेडणेकर त्या फेब्रुवारीत नेरूळच्या आख्ख्या सेक्टरला सांगत सुटले होते. दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, सोसायटीच्या वॉचमनला तर दोनदा सांगितलं. साल शहाण्णव. पेडणेकर पावणे गावच्या एका रंगाच्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होते आणि त्या कारखान्याची मस्कतला शाखा निघत होती. तिथे तीन वर्षांसाठी एक माणूस जायचा होता, बायकोसकट. नावं दोनच उरली होती: एक पेडणेकर, दुसरे स्टोअरचे दिनानाथ सामंत. गुरुवारी दोघांची मेडिकल, आणि जो फिट ठरेल तो विमानात.

आता या सामंतांविषयी काय सांगायचं? वजन ब्याण्णव किलो. पेडणेकरांच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे, आणि तळमजलाच का घेतला असं विचारलं तर "जिने कोण चढणार?" म्हणायचे. कारखान्यात सकाळी खुर्चीत बसले की वडापाव आला तरच मान वर. उलट पेडणेकर दोन वर्षं रोज पहाटे पळत होते. पोट सपाट, गाल आत, पाय सुंभासारखे. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं की परदेशात लोक साठ-साठ, शंभर-शंभर किलोमीटर एका दमात पळतात आणि त्यांचं शरीर आतून झळाळून निघतं. ते कात्रण त्यांनी देवघराच्या फळीवर ठेवलं होतं, अगदी कुंकवाच्या करंड्याशेजारी.

बायकोचा, म्हणजे अरुणाताईंचा, मनातल्या मनात मस्कतला संसार थाटूनही झाला होता. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण माणगावच्या पुढे नवऱ्यानं कुठे नेलं नव्हतं. मोठी सूटकेस माळ्यावरून खाली आली होती आणि पलंगाखाली सरकवून ठेवली होती.

पेडणेकरांची कारखान्यात दहशत कशाची होती, तर सिक लीव्हची. खोटं आजारपण हुडकून काढण्यात या माणसाचा हात धरणारा ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुणी नव्हता. कुणी पोटदुखी कळवली की हे दुपारी त्याच्या दारात हजर. एकाला लग्नाच्या पंगतीत वाढताना पकडला, एकाला गच्चीवर पतंग उडवताना. मग मेमो. 'आपण आजारी असल्याचे खोटे कारण देऊन' अशी सुरुवात असलेले एकेचाळीस मेमो त्यांनी स्वतः टाइप केले होते.

तर अशा या माणसाच्या डोक्यात मंगळवारी एक कल्पना आली. परीक्षेच्या आदल्या दिवशी आपल्याकडे काय करतात? आख्खं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा काढतात. मग मेडिकलच्या आदल्या दिवशी शरीराची एकदा सगळी उजळणी नको का करायला? नेरूळ ते मोरा बंदर आणि परत. साठच्या वर किलोमीटर. रक्त कसं लख्ख होईल, डॉक्टरनं बाटली उन्हात धरून बघावी!

अडचणी दोन होत्या. बुधवार कामाचा दिवस, आणि अरुणाताईंची परवानगी फक्त सेक्टरच्या आत पळायची. बायकोला त्यांनी सांगितलं, "उद्या पहाटेच निघतोय, उरणला ऑफिसचं काम आहे." आणि ऑफिसला? ऑफिसला त्यांनी सकाळी नऊ वाजता उरणच्या एस.टी. स्टँडवरच्या पीसीओतून फोन लावला. तोपर्यंत पंचवीस-तीस किलोमीटर पळून झालेले. त्यामुळे "पोट... बिघडलंय... येत नाही..." हे शब्द अशा धापा टाकत आले की ऑपरेटर बाई घाबरल्या. "पेडणेकर साहेब, घरी कुणी आहे ना तुमच्याजवळ?" मागे कंडक्टर पनवेल-पनवेल ओरडत होता. पेडणेकरांनी फोन ठेवला. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं आणि आपण उगाच लोकांना इतका त्रास दिला, असं क्षणभर वाटलंही.

परतीच्या वाटेवर जासईच्या पुढे एक टेम्पो त्यांच्या बाजूनं हळू चालू लागला. टेम्पो हिरामण म्हात्र्याचा. पावण्यातली त्याची शेती एमआयडीसीत गेली तेव्हापासून तो कारखान्याचा माल वाहायचा.

"साहेब, गारी चुकली कं?" हिरामणनं खिडकीतून विचारलं.

"नाही रे. पळतोय."

हिरामणनं मागे वाकून बघितलं. रस्ता रिकामा होता. "पन पाठी तं कोनीच नाय."

"व्यायाम आहे हा, हिरामण."

"बसा, सोरतो नेरूलला. पैसं नको मना."

पेडणेकर बसले नाहीत. हा माणूस मानी होता, एवढं मात्र मान्य करायला हवं. शेवटचे दहा किलोमीटर ते पळत होते की लोकांच्या कुंपणांना धरून सरकत होते याबद्दल मतभेद होऊ शकतात, पण दोनच्या सुमाराला ते नेरूळ स्टेशनला पोचले. तिथल्या वजनाच्या मशीनमध्ये नाणं टाकलं. निदान तीन किलो उतरलं असणार! तिकीट बाहेर आलं: दीड किलो वाढ. मागच्या बाजूला छापलं होतं, 'आपला प्रवास सुखाचा होईल.' गावोगावच्या नळांवर ढोसलेलं सगळं पाणी अंगातच मुरलं होतं. बोटं फुगून अंगठी रुतली होती, आणि लघवी कोकमाच्या सरबतासारखी झाली होती. शरीरातली घाण बाहेर पडते आहे, असं समजून पेडणेकर उलट खूश झाले.

घरी "उरणला पाय घसरला" असं सांगून त्यांनी बारा पोळ्या खाल्ल्या.

गुरुवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायची वेळ आली तेव्हा मांड्यांनी साफ नकार दिला. पुढे तोंड करून एक पायरी उतरवेना. मग पेडणेकर कठडा धरून उलटे उतरू लागले, एकेक पायरी, पाठ खाली आणि तोंड वर. दुसऱ्या मजल्यावरच्या सुचिताताई दूध घ्यायला दार उघडतात तो हे समोर. "अहो, वर जाताय की खाली?" त्यांनी विचारलं. "खाली," पेडणेकर म्हणाले आणि नजरेआड झाले. सुचिताताईंनी दूध ओट्यावर ठेवलं आणि आधी तीन घरी जाऊन ही बातमी दिली.

लॅबमध्ये रक्त दिलं, लघवी दिली. शेजारी सामंत इडली खात बसले होते, कारण त्यांचं देऊन झालं होतं.

शुक्रवारी कंपनीच्या डॉक्टर, डॉ. अस्मिता राजे, यांनी पेडणेकरांना जोडीनं बोलावलं. बाई अतिशय शांत होत्या आणि त्याचीच भीती वाटत होती.

"दारू किती घेता?"

"मी? चहासुद्धा दोनच कप."

"हे लिव्हरचं एन्झाइम. चाळीसच्या आत हवं. तुमचं चारशे आहे." त्यांनी दुसरा कागद काढला. "हे दुसरं. हार्ट अ‍ॅटॅकनंतर वाढतं. दोनशेच्या आत हवं. तुमचं नऊ हजार. ईसीजी चांगला आहे म्हणून मी खुर्चीत बसलेय. लघवीत प्रथिनं, रक्त. किडनीही दमलेली आहे. परवा काही झालं होतं का? पडलात, मार लागला, काही वेगळं?"

आता बघा पेच. खरं सांगावं तर सगळं एका मिनिटात मिटणार. पण खरं म्हणजे काय? बुधवारी आपण आजारी नव्हतो. म्हणजे सिक लीव्ह खोटी. मॅनेजर बाबासो निंबाळकर लबाड माणसाला मस्कत काय, कुर्ल्यालाही पाठवणार नाहीत. आणि खरं न सांगावं तर तीन अवयव गेलेल्या माणसाला कोण पाठवणार? पेडणेकरांनी अरुणाताईंकडे बघितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"बुधवारी पोट बिघडलं होतं," पेडणेकर म्हणाले.

"मग ते धरूनच चालू. सोमवारी पुन्हा टेस्ट. तोपर्यंत भरपूर पाणी आणि अंथरुणातून हलायचं नाही. तेल, तूप, मासे, डाळ बंद. पातळ पेज आणि उकडलेली भाजी."

सोमवारपर्यंत आकडे उतरले की झालं, असा हिशोब पेडणेकरांनी मनाशी मांडला. पण त्या हिशोबात भूक धरलेली नव्हती. साठ किलोमीटर पळालेलं शरीर म्हणजे काय चीज असते महाराजा! साखर संपली, चरबी संपली, शेवटी त्यानं स्वतःच्याच मांड्या थोड्या खाऊन घेतल्या होत्या, आणि आता ते सगळं परत मागत होतं. सकाळी मागत होतं, दुपारी मागत होतं, आंघोळ करतानाही मागत होतं. आणि त्याला मिळत होती पेज. सोबत उकडलेलं घोसाळं.

"थोडं मीठ तरी," पेडणेकर म्हणत.

"किडनी," अरुणाताई म्हणत.

शनिवारपासून लोक बघायला येऊ लागले. मोसंबी आली, शहाळी आली, ग्लुकोजची बिस्किटं आली. अरुणाताई एकेक जिन्नस उचलून डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघत आणि कपाटात ठेवत. सुचिताताईंनी उलटं उतरण्याची हकिकत सांगितली आणि मेंदूचाही फोटो काढून घ्या म्हणाल्या. सामंत तीन मजले चढून आले, दहा मिनिटं नुसत्या धापा टाकल्या, मग पेडणेकरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मस्कत-बिस्कत काही नको मला. तुम्ही बरे व्हा." त्यांचे रिपोर्ट आले होते. शाळकरी पोरासारखे. इतका चांगला माणूस इतका निरोगी असावा याचा पेडणेकरांना भयंकर राग आला.

रविवारी दुपारी अरुणाताईंनी पलंगाखालची सूटकेस ओढली आणि माळ्यावर चढवायला लागल्या.

"अगं, असू दे ना खाली."

"कशाला? गेलं मस्कत खड्ड्यात. मला काही नको. तुम्ही तेवढे..." आणि स्टुलावर उभ्या राहूनच त्या रडायला लागल्या. अठरा वर्षांत पेडणेकरांनी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, खरी लाज, कानशिलं तापली. सगळं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात अरुणाताईंनी स्टुलावरून उतरून पेजेचा चमचा आत घातला.

सोमवारी सकाळी पुन्हा रक्त दिलं आणि दुपारी पेडणेकर थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. डॉक्टरबाई आधीच बसल्या होत्या. पेडणेकरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: नेरूळ, मोरा, पीसीओ, पोट.

"थांबा," बाबासो म्हणाले. "मोऱ्यापर्यंत पळत गेलासा?"

"हो सर."

"आणि परत?"

"परतही पळतच."

"का पण? एस.टी.चा संप होता का?"

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला. "अहो, मग सगळं जमतंय. इतकं पळाल्यावर स्नायू फाटतात, त्यांच्यातला माल रक्तात उतरतो. मी त्यालाच लिव्हर आणि हार्ट समजत होते. आजचे आकडे निम्म्याच्या खाली आलेत. माणूस ठणठणीत आहे, सर, जर खरं बोलत असेल तर."

बाबासोंनी खात्री करायला गोदामातून हिरामणला बोलावलं. "व्हय, पलत व्हते," हिरामण म्हणाला. "आमी इचारला कुतरा लागलाय कं पाठी. नाय बोलले. लय वाईट वाटला, साहेब."

हिरामण गेला. बाबासोंनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. "पेडणेकर, दोनच रस्ते हायत बघा. तुम्ही बुधवारी आजारी होता असं धरलं तर तुम्ही अनफिट. आजारी नव्हता असं धरलं तर मेमो. काय लिहू?"

"सर, यातल्या कशानं मस्कत मिळेल?"

"कशानंच नाही. मस्कतला सामंत चाललेत. पण फाइल बंद करायला काहीतरी लिहावं लागतंय."

पेडणेकरांच्या डोळ्यांसमोर मस्कत आलं नाही, नोकरी आली नाही. तळलेली सुरमई आली. जाडसर तुकडी, रवा लावलेली.

"मेमो द्या," ते म्हणाले.

मेमो टाइप कोण करणार? पर्सोनेल ऑफिसर. पेडणेकरांनी बेचाळिसावा मेमो स्वतःच्या नावे टाइप केला, एकही चूक न करता. खाली 'मिळाला' म्हणून सही केली आणि दुसरी प्रत फाइलला लावली. मग दिवाळे गावच्या कोळीण राजाबाईंच्या टोपलीतून सुरमईच्या चार तुकड्या घेतल्या आणि तिन्ही मजले ताठ चढून गेले.

"अरुणा, मला काहीही झालेलं नाही," त्यांनी दारातच सांगितलं. "मी खोटारडा आहे. हे बघ, कंपनीच्या लेटरहेडवर आहे."

अरुणाताईंनी मेमो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. डोळे पुसले. देवापुढे साखर ठेवली. मग कागद हातात धरूनच परत वाचला, या वेळी जरा सावकाश.

"म्हणजे ऑफिसला सांगितलंत आजारी आहे. आणि मला सांगितलंत ऑफिसचं काम."

"हो, पण—"

"आणि चार दिवस मी रडत होते ते बघत होतात."

अरुणाताईंनी सुरमईची पिशवी त्यांच्या हातातून घेतली, स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं तव्यावर चर्र असा आवाज आला आणि घरभर असा काही वास सुटला की पेडणेकर हात धुऊन पाटावर जाऊन बसले.

ताट समोर आलं. पेज, आणि उकडलेलं घोसाळं.

"अगं, मी बरा आहे ना आता?" पेडणेकर कळवळून म्हणाले.

"कालपर्यंतची पेज लिव्हरसाठी होती," अरुणाताई म्हणाल्या. "ही मेमोबद्दल." आणि चारही तुकड्या ताटलीत झाकून घेऊन त्या तळमजल्यावर, सामंतांचं अभिनंदन करायला गेल्या.