डब्याला विश्रांती

"सूनबाई, तुझा डबा गेला," सासरे हॉलमधून म्हणाले, आणि स्वयंपाकघरात गाळता गाळता सुनेचा अर्धा चहा ओट्यावर सांडला.

डबा म्हणजे गेम खेळायचं यंत्र. ते थंड कसं ठेवायचं, पंखा कुठे, हवेची भोकं कुठे, हे ठरवण्यात सुनेचं वर्ष गेलं होतं. उद्या सकाळी ऑफिसात साहेब तिचा किंवा शेजारच्या टेबलावरच्या अतिहुशार गृहस्थाचा नमुना कारखान्यात धाडणार होते. "लोक घरी खेळतात, प्रयोगशाळेत नाही. घरी न्या आणि दिवसभर न थांबता चालवा," असं त्यांनी दोघांनाही बजावलं होतं. दिवसभर मोटारींची शर्यत खेळायला निवृत्त सासऱ्यांइतका मोकळा माणूस घरात नव्हता. ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कामावर बसले होते.

"कसा गेला, बाबा? वास आला? आवाज?"

"काही नाही. आपोआप गेला. मी एकटक बघत होतो."

सुनेने तापमान मोजलं. डबा गरम होता, पण व्हायला हवा तेवढाच. बटण दाबल्यावर मुकाट्याने सुरूही झाला. तिचा जीव भांड्यात पडला. जेवणाआधी डबा पुन्हा गेला आणि जीव भांड्यातून बाहेर आला.

फार तापून बंद पडला असता तर तिच्याकडे उपाय होता. न तापता बंद पडणं वाईट. याचा अर्थ आतले भाग जोडणारा सोल्डरचा एखादा टाका तडकला. तापला की धातू फुगतो, निवला की आकसतो, आणि या ओढाताणीत टाका सुटतो. मग असा डबा एखाद्या दिवशी झोपतो तो उठतच नाही.

तिने प्लग बदलला, वायर बदलली, टेबल खिडकीशी ओढलं. डबा पुन्हा गेला.

"आपोआप?"

"आपोआप. माझी पापणीसुद्धा लवली नाही."

शेवटी तिने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. पण डब्यावर ऑफिसचं सील होतं, आणि सील फोडलं की नमुना बाद. तिने तो परत खाली ठेवला. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघू, म्हणून ती दाराआड उभी राहिली.

थोड्याच वेळात पडद्यावरची मोटार भिंतीला जाऊन धडकली आणि तिथेच घरघरत राहिली. सोफ्यावर सासरेही घरघरत होते. स्वयंपाकघरातून सासूबाई हात पुसत आल्या. आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी डब्याला पालथा हात लावला, "किती राबवतात रे तुला," म्हणाल्या आणि बटण दाबलं.

"आई!"

"अगं, केवढा तापलाय बघ. माझा मिक्सर इतकी वर्षं कसा टिकला? तापला की विश्रांती देते."

"मी झोपलो नव्हतो," सासरे डोळे न उघडता म्हणाले.

सुनेला रडावं की हसावं कळेना. टाका शाबूत होता, पण दिवस वाया गेला होता. न थांबता चालवणं आता होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना खरं तेच सांगितलं. "न थांबता नाही चाललं, सर. तापला की बंद, निवला की चालू. दिवसभर तेच झालं."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि दर वेळी सुरू झाला?"

"दर वेळी."

"यांचा दिवसभर सुरेख चालला," साहेब अतिहुशार गृहस्थाकडे बघत म्हणाले. "मग निवला, तो आज सकाळी उठलाच नाही. इतकी कठीण परीक्षा घ्यायची तुम्हाला सुचली कशी?"

"घरात अनुभवी माणूस आहे, सर."

संध्याकाळी सून आनंदाने लॅपटॉपवर कारखान्यासाठी माहिती लिहीत बसली होती. निवड झाल्याचं ऐकून सासूबाईंना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी सुनेच्या कपाळाला पालथा हात लावला, मग लॅपटॉपला लावला.

"दोघंही तापलात," त्या म्हणाल्या आणि सून काही बोलायच्या आत त्यांनी बटण दाबलं.