पासवर्डाचा मान

देवस्थान समितीच्या कचेरीतल्या सर्व्हरने गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता तंत्रज्ञ प्रज्योतला कळवलं, की हे यंत्र कुणाच्याही नावावर नोंदलेलं नाही, सबब कंपायलर मिळणार नाही. प्रज्योतने तीच आज्ञा पुन्हा दिली. यंत्राने तेच उत्तर पुन्हा दिलं, या खेपेला लाल अक्षरांत.

शनिवारी जत्रा होती. गेल्या जत्रेत ओटीच्या रांगेत दोन घराण्यांतल्या बायकांची अशी जुंपली होती, की नारळ देवीपुढे कमी आणि एकमेकींच्या पायांवर जास्त पडले. म्हणून यंदा मोपा विमानतळाच्या पठाराखालच्या या गावाने टोकन छापणारं यंत्र आणलं. ते चालवणारा प्रोग्रॅम मात्र कच्च्या रूपात आला होता. तो सर्व्हरवर आधी तयार करायचा, आणि तयार करायला कंपायलर व त्याच्या सोबतची चार हत्यारं लागायची. एरवी हे चहा उकळेपर्यंतचं काम. पण महिन्यापूर्वी सर्व्हरची डिस्क बिघडली, प्रज्योतने नवी घातली आणि जुन्या डिस्कबरोबर यंत्राची कंपनीकडची नोंदणीही गेली.

टोकनाची प्रज्योतला जेवढी घाई होती, तेवढी प्रत्यक्ष देवीलाही नसावी. समितीचे अध्यक्ष काशिनाथ यांची मुलगी सेजल आणि प्रज्योत यांचं दोन वर्षांपासून जमलं होतं. काशिनाथांना मुलगा पसंत होता, त्याचं घर पसंत नव्हतं. प्रज्योतचे आजोबा खाणीच्या ट्रकाबरोबर डिचोलीहून आले आणि इथेच राहिले. त्यामुळे देवळात त्या घराला कसलाच मान नव्हता. पालखीला खांदा द्यायचा नाही, अब्दागीर धरायचा नाही, साधी समई पुसायचीही नाही. "मान नसलेल्या घरात चेडू कसा देवचा?" असं काशिनाथ म्हणत. शेवटी सेजलने दोन दिवस जेवण सोडलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शनवारी टोकन भायर येवंदे. मगे बोलया."

प्रज्योतने त्यांना कचेरीत बोलावून लाल अक्षरं दाखवली.

"काका, अगदी हीच सिस्टिम फुकट मिळता. नाव वेगळा, आतला सगळा तसाच. नोंदणी नको, पासवर्ड नको. अर्ध्या तासात घालतंय."

"फुकट?" काशिनाथांनी खुर्ची मागे सरकवली.

"ती मुळात सगळ्यांका उघडीच असा. कोणीय बघा, कोणीय वापरा. कंपनी पैसे घेता ते पाठीशी उभी रवपाचे."

"मगे फुकटची घातली तर पाठीशी कोण रवतलो?"

"मी आसय मा!"

"आनी तुझ्या पाठीशी कोण?"

"देवाक फुकटचा नको," असं म्हणून काशिनाथांनी विषय मिटवला. "नोंदणी परत कर. तो मान सगुणाचो. तेका विचार."

हा मान कसा निर्माण झाला तेही सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी सर्व्हर घेतला, तेव्हा कंपनीच्या अर्जावर 'प्रशासकाचे नाव' असा एक रकाना होता. आता रकाना म्हटला की तो कुणाच्या तरी घराण्याचा असायलाच हवा. त्यावर तीन बैठका झाल्या, एकीत चष्मा फुटला, आणि अखेर देवीला पाकळ्या लावून कौल घेतला. उजवी, होकाराची पाकळी सगुणच्या नावाने पडली, आणि पहिल्या दिव्याचा मान असलेला सदाशिव हरला. सगुणचं वय तेव्हा सदुसष्ट होतं आणि त्याने संगणक पाहिला होता तो फक्त बँकेत, काचेपलीकडून. तेव्हाच्या तंत्रज्ञाने पासवर्ड एका कागदावर लिहून दिला. सगुणने तो तांब्याच्या पेटीत घालून देव्हाऱ्यात ठेवला.

प्रज्योत पोचला तेव्हा सगुण ओसरीवर चहात पाव बुडवत होता.

"सगुणकाका, पासवर्ड व्हयो होतो."

"असो वाटेर मागतत तो?" सगुणने पाव खाली ठेवला. "नारळ खय?"

प्रज्योत मोपाच्या फाट्यावर जाऊन नारळ घेऊन आला.

"बरां. पण सदाशिवान पयलो दिवो लावल्याबिगर आवारात खयचाच नवा काम सुरू जायना. तो येवंदे, मगे मी येतंय."

"येतलो काय तो?" सगुणच्या बायकोने, सोनाबाईने आतून विचारलं. "कौल झाल्यापसून तो आमच्या दारावयल्यान जाता तेवा तोंड दुसरीकडे करता."

प्रज्योतने त्याच्याकडे जाऊन सगुणचं नाव काढताच सदाशिवने खरोखरच तोंड दुसरीकडे केलं. नारळही दुसरा लागला. बराच वेळ सुपारी कातरून झाल्यावर तो म्हणाला, "पासवर्ड तेंचो, जावंदे. पण मगे एंटर आमचो."

"म्हणजे?"

"सगुण अक्षरां घालतलो. शेवटची मोठी कळ मी दाबतलंय. समितीन तसो ठराव करूचो. मगे दिवो लावतंय."

सकाळी यंत्रानेही प्रज्योतला असंच सांगितलं होतं: कंपायलरला अमुक हवं, अमुकाला तमुक हवं, आणि तमुक नोंदणीशिवाय मिळणार नाही. पण यंत्राने निदान सगळी यादी एकदम दाखवली होती. इथे एकेका यादीपायी स्कूटरवरून खेप घालावी लागत होती. संध्याकाळी तो काशिनाथांकडे गेला. त्यांनी शुक्रवारी दहाला तातडीची बैठक बोलावली आणि एंटरचा ठराव एकमताने मंजूर झाला. सदाशिवविरुद्ध मत द्यायला कुणी तयार नव्हतं, कारण त्याच्या दिव्याशिवाय कचेरीत नवा पंखाही लावत नसत.

अकरा वाजता सदाशिवने दिवा लावला. मग सगुण पेटी डोक्यावर घेऊन आला, मागून सोनाबाई, तिच्यामागे निम्मा वाडा. पेटी मेजावर ठेवली, उघडली, आणि सगळे वाकले.

तीन वर्षं रोज सकाळी गंध, फूल आणि पाणी घेतल्यावर कागदाचं जे व्हायचं तेच झालं होतं. अक्षरं वाहून गेली होती. शेवटचं उद्गारचिन्ह तेवढं शाबूत होतं.

"ह्या काय?" प्रज्योतने कागद उजेडापुढे धरला.

"पूजा चुकवली नाय हां एक दिस," सोनाबाई ठासून म्हणाली.

आता एकच वाट उरली. पासवर्ड बदलायचा तर कंपनीकडचं खातं ज्याच्या नावावर, त्याने स्वतः कंपनीच्या मदत केंद्राशी बोलायला हवं होतं. प्रज्योतने फोन लावून मेजावर ठेवला आणि आवाज मोठा केला. वीस मिनिटं वाजंत्री वाजली. मग एक तरुण आवाज आला. त्याने चार प्रश्न विचारून सगुणची ओळख पटवून घेतली आणि हिंदीत म्हणाला, की आपली अडचण विस्ताराने सांगा.

विस्ताराने सांगा म्हटल्यावर सगुणला एकच पद्धत ठाऊक होती. गावाचं गाऱ्हाणं घालायचा मानही त्याच्याच घराण्याचा. त्याने टोपी सारखी केली, हात जोडले आणि फोनकडे तोंड करून आवाज लावला, "बा कंपनी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कचेरी सवयीने गरजली.

"तू खय आसशीत, थयसून आयक! तुझी ही लेकरां तीन वर्सां तुझी वर्गणी नेमान भरतत!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी आज ह्या पोरान कंपायलर मागलो, तर तू वळख दाखवणस नाय! फुलापाण्यान तुझो कागद भिजलो आसात, आमच्या हातसून काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्या कामार कोणी वायट नदर लावली आसात, तर ती तेची तेका परत कर!"

इथे सदाशिवला खोकला आला.

"आनी ह्या पोराच्या हातसून उद्या टोकन भायर काढ, आनी तेचा जा काय मनात आसा ता पुरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा शेवटचा होकार फोनमधूनही आला. मग तो आवाज खाकरून म्हणाला, "काका, मी सावंतवाडीचो. चार वर्सां हय नोकरी करतंय, पण इतकी नीट तक्रार कोणी सांगूक नाय. नवो पासवर्ड धाडलंय."

सगुणने एका बोटाने बारा अक्षरं घातली. प्रत्येक अक्षर कळफलकावर शोधायला आजूबाजूचे मदत करत होते, त्यामुळे गुप्त असं फारसं काही राहिलं नाही. सदाशिवने अंगठा कपाळाला लावून एंटर दाबला. यंत्र नोंदलं गेलं. प्रज्योतने कंपायलरची आज्ञा दिली, यादी भराभर सरकली आणि यंत्राने विचारलं, की हे सगळं खरंच बसवायचं का? होय असेल तर अमुक कळ दाबा.

"ही कळ कोणाची?" सगुणने विचारलं.

काशिनाथांनी ठरावाची वही चाळली. या कळीचा उल्लेख कुठेच नव्हता. सगुणने सदाशिवकडे पाहिलं, सदाशिवने सगुणकडे, आणि दोघेही एक पाऊल पुढे सरकले. मागून कुणीतरी पाकळ्यांचं नाव काढलं. आता कौल म्हणजे रविवार, आणि रविवार म्हणजे सेजल गेली. प्रज्योतने पुढे वाकून कळ दाबून टाकली.

सगळे प्रज्योतकडे वळले. पण रागवायचं कुणी? प्रज्योतच्या घराला मान नव्हता, तेव्हा त्याने दाबली म्हणजे ती कुणाच्याच घराण्याने दाबली नव्हती. सगुण मागे सरला. सदाशिव मागे सरला. यंत्राने थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा सगळ्यांनी आपसूक प्रज्योतला वाट करून दिली.

शनिवारी टोकन बाहेर आलं. पहिलं देवीपुढे ठेवलं, त्यामुळे भांडण यंदा दुसऱ्या क्रमांकापासून सुरू झालं. काशिनाथांनी मात्र तिकडे लक्षच दिलं नाही. ते वहीत लिहीत होते, की होय म्हणायची कळ दाबण्याचा मान वंशपरंपरेने प्रज्योतच्या घराण्याचा. सही करून त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "आता तुझ्या घरात चेडू देवक काय हरकत नाय." प्रज्योतच्या डोळ्यांत पाणी आलं. सेजल खांबाआडून सगळं ऐकत होती. ती हसायची थांबेना.

लग्न झालं. प्रज्योतला विमानतळावर नोकरी लागली आणि देवस्थानचं कंत्राट दत्तप्रसाद नावाच्या नव्या तंत्रज्ञाला मिळालं. पुढच्या जत्रेच्या आदल्या दिवशी, टोकनाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवायची म्हणून दत्तप्रसाद घामाघूम होऊन प्रज्योतच्या अंगणात आला.

"प्रज्योतदादा, यंत्र होय काय नाय विचारता. तुमी येवन कळ दाबल्याबिगर कोण हात लावक देयनत. मी म्हणतंय, फुकटची सिस्टिमच घालया मा? अर्ध्या तासाचा काम!"

प्रज्योत सकाळपासून उपाशी होता, न्हाऊन, सोवळं नेसून ओसरीवर बसला होता. त्याने दत्तप्रसादकडे असं पाहिलं, की आतून बघणाऱ्या सेजलला आपल्या बापाची आठवण झाली.

"देवाक फुकटचा नको," तो म्हणाला. "सदाशिवकाकान दिवो लावलो?"

"लावलो."

"सगुणकाका पेटी घेवन ईले?"

"ईले. तासभर बसले हत. आता उठा मा, दादा!"

प्रज्योत उठला नाही. त्याने दत्तप्रसादच्या रिकाम्या हातांकडे एकदा पाहिलं आणि सावकाश विचारलं, "नारळ खय?"